एका पोरीवर दुर्बीण

कामिनीच्या दुर्बिणीच्या भिंगात बुरशी शिरली, तेव्हापासून मेहरूण तलावावरची सगळी बदकं तिला धुक्यात पोहताना दिसू लागली. रविवारी सकाळचा तलावावरचा एक तास तेवढा तिचा. बाकीचे सगळे चौदा महिन्यांच्या रोशनीचे, आणि झोप कोणाचीच नव्हती. साठवलेल्या पैशांत दुसरी एकच दुर्बीण बसत होती. चुकीची निवडली, तर तो एक तासही धुक्यातच जायचा.

धुळ्याची मैत्रीण ज्योत्स्ना हिच्या ओळखीत एक जण दोन वापरलेल्या दुर्बिणी विकत होता. एक आठपट मोठं दाखवणारी, दुसरी दहापट. सकाळी रोशनीला कडेवर घेऊन कामिनी फोनवर बोलत होती. सासूबाई, लताबाई, शेजारीच मेथी निवडत बसल्या होत्या.

"अगं, आतून बुरशी धरलीय. साफ करण्यात अर्थ नाही म्हणाला तो. एकदाच काय ते करून टाकते. चार महिने हाच विचार डोक्यात... आठवाली हलकी आहे गं, दहावालीने हात थरथरतो म्हणे... नाही, ह्यांना अजून सांगितलं नाही. दुर्बीण म्हटलं की घरात नको नकोच होणार. उद्या धुळ्याला येते, संध्याकाळपर्यंत परत. रोशनीला घेऊनच येते, दुसरं काय करू?"

मेथीची काडी लताबाईंच्या हातात तशीच राहिली. त्यांचं सारं आयुष्य चोपड्याकडच्या खेड्यात गेलेलं. तिकडे दुर्बीण म्हणजे पाखरं बघायची वस्तू नव्हे. दुर्बीण म्हणजे पोटात नळी घालून मुलं बंद करण्याचं ऑपरेशन. अमकीने दोन पोरांवर दुर्बीण केली, तमकीने तीन पोरांवर. एका पोरीवर कोणी केल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

दुपारी कामिनी रोशनीला आंघोळ घालत होती, तेव्हा तिचा फोन वाजला. लताबाईंनीच घेतला आणि मिनिटभरात ठेवला. नंतर त्यांनी आणखी दोन फोन केले, एक चोपड्याला, एक मुलाला.

संध्याकाळी चुलतसासरे जीवराम आबा केळ्यांची फणी घेऊन दारात हजर. पाठोपाठ कामिनीचा नवरा भूपेंद्रही ऑफिसातून तासभर आधीच आला. आईने त्याला 'लगेच ये' एवढंच सांगितलं होतं. कामिनीने पोह्यांना फोडणी घातली. आबा तीन वेळा खाकरले.

"सूनबाई, बठ्ठं समजनं माले. दुर्बीण करी ऱ्हायनी म्हने तू."

कामिनी चपापली. हजारदोन हजारांच्या वस्तूसाठी चोपड्याहून माणूस? "आबा, घ्यायचीच आहे कधीतरी. जुनी चार वर्षं ओढली."

"पन एका पोरीवर?"

"पोरीमुळेच तर, आबा. ही कडेवर, मला एकच हात मोकळा. आणि वापरलेलीच घेतेय, नवी नाही."

आबांच्या हातातलं केळं अर्धवट सोललेलं राहिलं. "वापरेल?"

"दोन महिनेच वापरलीय कोणीतरी. डबा, पट्टा, सगळं देतोय."

भूपेंद्र इतका वेळ एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत होता. तो मटकन खुर्चीत बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याने कपाटातली जुनी दुर्बीण काढून आबांच्या मांडीवर ठेवली. "ही, आबा. पाखरांची."

आबांनी ती डोळ्यांना उलटी लावली. "लता वहिनी, तुम्ही भलत्याच लांब गयात," ते म्हणाले.

लताबाई हसल्या नाहीत. "मंग दुपारले त्या ज्योत्स्नाले मी फोनवर भलतंच सांगी दिधं!" त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

कामिनीने रोशनीला कडेवर घेतलं. तिने ज्योत्स्नाला फोन लावला.

"अगं, काकू म्हणाल्या, 'आम्हाले दुर्बीण करनी नही, सून अजून तरनी शे.' मला वाटलं, तरुण डोळ्यांना कशाला हवी, असं म्हणतात. दहाची पारोळ्याचे एक गुरुजी घेऊन गेले. आठची आहे, पण दुसरं गिऱ्हाईक विकणाऱ्यासमोर बसलंय. आत्ता सांग."

आत्ता. कामिनीने डोळे मिटले. आठ की दहा हे चार महिन्यांत ठरलं नव्हतं. आता एकच उरली, तर ती तरी घ्यावी की नाही, हे ठरेना. वजन ठीक होतं, पण लांबचा करकोचा दिसेल का? आणि पुढच्या महिन्यात यापेक्षा चांगली मिळाली तर? रोशनी तिचे केस ओढत होती. फोनवर ज्योत्स्ना "बोल ना" म्हणत होती.

लताबाई उठल्या. त्यांनी सुनेच्या हातातून फोन घेतला आणि दुपारची चूक भरून निघेल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ज्योत्स्ना, नीट ऐक. आमन्या सूनले दुर्बीण करनीच शे. एका पोरीवरच करनी शे. मी सोता तिले उद्या धुळ्याले घेऊन येस."

फोन ठेवून त्या समाधानाने वळल्या. दारात विरजणासाठी वाटी घेऊन शेजारच्या मंजुळाबाई उभ्या होत्या. त्यांनी एकदा लताबाईंकडे पाहिलं, एकदा रोशनीकडे, आणि विरजण न मागताच रिकामी वाटी पदराखाली धरून त्या भराभरा जिना उतरू लागल्या.