दारांखालचं पाणी

क्लिफर्ड हेब्डन बाथरूमचं दार पाठीवर घेऊन बागेत आला आणि ते इतर दारांच्या शेजारी आडवं टाकून धापा टाकू लागला.

"हे शेवटचं. आता घरात एकही दार उरलं नाही."

"पुढचं आहे की," त्याची बायको ग्लेंडा म्हणाली.

"पुढचं राहू दे. ते काढलं तर लोकांना संशय येईल."

बागेतल्या पोहण्याच्या तलावावर दोन शिड्या आडव्या टाकल्या होत्या, आणि त्यांच्यावर घरातली यच्चयावत दारं पसरली होती. तलाव तसा लहानच होता, पण भलता खोल. तो खणणारा रॉय मूळचा लीड्सचा. त्याने खणायला सुरुवात केली आणि थांबायचं विसरला. कागदपत्रांचं विचारलं तेव्हा, "स्पेनमध्ये कागद कोण बघतो, साहेब?" असं म्हणून त्याने रोख पैसे खिशात घातले होते.

आता तोच रॉय गावातल्या इंग्रज बारमध्ये बसून सगळ्यांची झोप उडवत होता. "हेलिकॉप्टर फिरतंय, पाहिलंत ना? नगरपालिकेच्या तिजोरीत खडखडाट आहे. मंदी आहे, भाऊ! बिनकागदाचे तलाव हुडकताहेत. सापडला की असा दंड, की घर विकून भरावा लागेल."

आमच्या गावातल्या इंग्रजांची एक रीत आहे. सरकारी माहिती हवी असेल तर ते सरकारला सोडून बाकी सगळ्यांना विचारतात. नगरपालिकेची पत्रं स्पॅनिशमध्ये येतात, म्हणून ती न फोडता बिस्किटांच्या डब्यात जातात. महत्त्वाचं असेल तर पुन्हा लिहितील, असा आमचा विश्वास. नगरपालिका पुन्हा लिहिते आणि आम्ही मोठा डबा आणतो. हेब्डनांचा तिसरा डबा चालू होता. त्यांचा कर बँकेतून परस्पर कापला जाई. तो किती आणि कशाचा, हे विचारणं क्लिफर्डला चोंबडेपणाचं वाटे.

पण त्या वर्षी हेब्डनांना पैशाची खरंच चणचण होती. पेन्शन यायची पौंडात आणि खर्च व्हायचा युरोत, आणि पौंड रोज पायरी पायरीने खाली उतरत होता. ग्लेंडाने आधी मार्मलेड सोडलं, मग केस रंगवणं सोडलं. त्यात दंड बसला तर घर विकून इंग्लंडात डॉन्कास्टरला मुलीकडे जावं लागणार होतं. जॅनिसने फोनवर खोलीही सांगून टाकली होती. इस्त्रीचं टेबल असतं ती. "टेबल हलवलं की पलंग मावेल, मम," ती म्हणाली होती. त्या रात्री ग्लेंडा आपल्या लिंबाच्या झाडाशी उभी राहून चक्क रडली.

फळ्या महाग, म्हणून दारं. दारांवर मंदीत बंद पडलेल्या बोलिंग क्लबचं प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. त्यावर टेबल, छत्री आणि ग्लेंडाचा लाडका मातीचा बुटका, बागेत ठेवायचा दाढीवाला बाहुला.

"क्लिफ, त्याच्या हातात गळ आहे."

"मग?"

"हिरवळीवर बसून तो मासे पकडणार?"

क्लिफर्डने गळ मोडून खिशात घातला.

बिनदाराच्या घरात दोन दिवस गेले. बाथरूममध्ये जो असेल त्याने मोठ्याने गायचं, असं ठरलं. क्लिफर्डला एकच गाणं पाठ होतं, ते म्हणजे राष्ट्रगीत. ग्लेंडा जुन्या वळणाची. तो आत असेपर्यंत ती बिचारी स्वयंपाकघरात ताठ उभी.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात नगरपालिकेच्या अम्पारो फेरेरबाई उभ्या होत्या, काखेत फाइल घेऊन. इंग्रजी फक्कड बोलायच्या, म्हणून इंग्रजांची सगळी कामं त्यांच्याच गळ्यात पडायची.

"सेन्योरा, टेकडी चढून आले बाई. आधी जरा बाथरूम दाखवता?"

ग्लेंडाचा चेहरा पांढरा पडला. "बाथरूम... त्याला दार नाही."

"दार नाही?"

"रंगवायला दिलंय," क्लिफर्ड म्हणाला.

अम्पारोबाईंनी आत डोकावून पाहिलं. "सगळीच दारं?"

"एकदम दिली की स्वस्त पडतं."

"बरं, थांबते मी," असं म्हणून बाई सावरून चालत बागेत आल्या आणि थेट गवतावरच्या खुर्चीत बसल्या. खुर्चीखाली काहीतरी कुरकुरलं. क्लिफर्डने डोळे मिटून घेतले.

"तर, तुमच्या तलावासंबंधी आले होते."

"तलाव? छे!" क्लिफर्ड म्हणाला. "आमच्याकडे कुठला तलाव?"

"नाही?"

"आम्हाला पोहताच येत नाही," ग्लेंडाने भर घातली. हे मात्र खरं होतं.

बाईंनी फाइल उलटी-सुलटी केली. "कमाल आहे! नकाशात तर दिसतोय. आम्हीच नोंदवला, विमानातून फोटो काढून. परवानगी न घेतल्याचा दंडही झाला होता."

"दंड!" ग्लेंडाने टेबल धरलं.

"भरलाय की तुम्ही, बँकेतून परस्पर. पाच वर्षं झाली. तेव्हापासून तलावाचा करसुद्धा भरताय. अगदी वेळेवर. तुमची उदाहरणं देतो आम्ही ऑफिसात."

हेब्डन पती-पत्नी एकमेकांकडे पाहत राहिले. बिस्किटांच्या डब्यात काय काय शिजून गेलं होतं!

"पण तलावच नाही म्हणता," अम्पारोबाई पुढे म्हणाल्या, "तर चूक आमची. दंड, कर, सगळं परत द्यावं लागेल. 'येथे तलाव नाही' एवढं लिहून सही करा."

क्लिफर्डने कागद पुढे ओढला.

"क्लिफ," ग्लेंडा हळूच म्हणाली.

"काय?"

"तू चर्चमध्ये दानपेटी फिरवतोस."

"रविवारी. आज मंगळवार आहे."

त्याने सहीचं पहिलं अक्षर काढलं आणि तेवढ्यात डोंगरामागून घरघर ऐकू आली. हेलिकॉप्टर सरळ त्यांच्या बागेवर येऊन थांबलं आणि नेमकं काय दिसतंय ते पाहायला खाली येऊ लागलं. छत्री आधी गेली, शेजाऱ्यांकडे. अम्पारोबाई फाइल छातीशी धरून कशाबशा कडेला पळाल्या. मग बोलिंग क्लबचं गवत एका कोपऱ्यातून उचललं गेलं, ताठ उभं राहिलं आणि कुंपणावर जाऊन पडलं. टेबल पाण्यात गेलं, मागोमाग बुटका. बाथरूमचं दार सरकून निवांत तरंगायला लागलं.

वैमानिकाने वरून अंगठा दाखवला आणि तो निघून गेला.

क्लिफर्डने कडेला येऊन पाण्यात डोकावून पाहिलं.

"लहानसाच आहे," तो म्हणाला.

अम्पारोबाईंनी त्याच्या पुढ्यातला कागद उचलला, चार तुकडे केले आणि पर्समध्ये टाकले. "लहान असू दे. खोल किती?"

"फार खोल आहे," ग्लेंडा रडकुंडीला येऊन म्हणाली. "रॉय थांबलाच नाही."

"मग झालं तर! सेन्योरा, डोंगराला वणवा लागला की हेलिकॉप्टरला जवळचं पाणी लागतं. उथळ तलावात त्याची खाली लोंबणारी बादली बुडत नाही. महिनाभर खोल तलाव शोधतोय आम्ही. तीन पत्रं पाठवली तुम्हाला! जो आपला तलाव देईल, त्याला यंदापासून घरपट्टी माफ. घराची आणि तलावाची, दोन्ही."

"म्हणजे घर विकायला नको?" ग्लेंडाने विचारलं.

"विकू नका हो! तलाव कुठून आणू मी दुसरा?"

बाईंनी फाइलीतून काढलेल्या नव्या कागदावर क्लिफर्डने सही केली. पुरी, आणि या खेपेला खरी. ग्लेंडाने अम्पारोबाईंना मिठीच मारली. आमच्यात तशी पद्धत नाही, पण त्या दिवशी राहवलं नाही तिला.

"ते राहू दे," बाई कळवळून म्हणाल्या. "आधी मला बाथरूम."

"दार अजून ओलं आहे हो. गाता येतं का तुम्हाला?"

थोड्या वेळाने ग्लेंडाने डॉन्कास्टरला फोन लावला. "जॅनिस, ते इस्त्रीचं टेबल आहे तिथेच राहू दे. आम्ही येत नाही." मागून खणखणीत आवाजात एक स्पॅनिश गाणं ऐकू येत होतं.

"मम, कोण गातंय ते?"

"नगरपालिका," ग्लेंडा म्हणाली. "आमच्या बाथरूममध्ये आहे."