बरणीतला भोवरा

हे निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात रुजू झाले.

आयुष्यभर यांनी पाण्याचे मीटर तपासले. आता घरात मीटर एकच, आणि तो यांनी चहाआधीच तपासून टाकलेला. मग उरले मी. "गॅस मोठा आहे." "झाकण का नाही ठेवलंस?" "कांदा इतका बारीक कशाला?" मागे हात बांधून हे ओट्याशी उभे, आणि मी वळले की यांच्या पोटावर आपटायची. बोलायला हे वाईट नाहीत. पण माणूस आतून हरवल्यासारखा दिसत होता. दुपारी खिडकीशी बसून समोरच्या इमारतीची गळकी टाकी बघत राहायचे, आणि टाकी दुरुस्त झाली त्या दिवशी जेवले नाहीत.

म्हणून मी नवस बोलले. यांना एखादा छंद लागू दे, मी चहातली साखर सोडीन आणि त्या छंदाविरुद्ध तोंडातून अवाक्षर काढणार नाही. कोणता छंद, या तपशिलात मी शिरले नाही. (देवाला आपण काय शिकवायचं, असं वाटलं. शिकवायला हवं होतं.)

आठवडाही झाला नसेल. माझा धाकटा भाऊ जेवायला आला. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. हात धुता धुता तो सहज म्हणाला, "भाऊजी, हल्ली लोक घरच्या घरी बिअर करतात."

यांचा घास हातातच राहिला. निवृत्तीनंतर पहिल्यांदा यांचे डोळे असे लकाकले.

"घरच्या घरी? मोजून-मापून?"

"सगळं मोजूनच असतं भाऊजी. तापमान, वेळ, सगळं."

मी देवाच्या तसबिरीकडे पाहिलं. देव माझ्याकडे पाहत होता. आमच्या घरात या पदार्थाचं नाव घेतानाही आवाज खाली यायचा.

"ताई, तुझी काही हरकत?" भावाने विचारलं.

"माझी?" मी म्हटलं. "छे. जवाचंच पाणी ना ते?"

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

पुढे कळलं की बिअरला यीस्ट लागतं, आणि ते आधी बरणीत वाढवून घ्यायचं असतं, विरजणासारखं. वाढताना ते सारखं ढवळत राहावं लागतं. "मी ढवळते की," मी म्हटलं. (हरकत नाही म्हटल्यावर मदतही करावी, असं माझं मत.) पण यांना चमचा मान्य नव्हता. चमच्याबरोबर जंतू जातात. ढवळायचं, पण हात न लावता. त्यासाठी लोहचुंबकाचं यंत्र असतं, आणि ते हे स्वतः करणार होते.

भावाने जुन्या संगणकातला पंखा आणून दिला. कल्पना अशी: लाकडी खोक्यात पंखा आडवा बसवायचा, पंख्याच्या मध्यावर दोन लोहचुंबक चिकटवायचे, खोक्यावर बरणी ठेवायची आणि बरणीत एक छोटी चुंबकाची कांडी सोडायची. खाली पंखा फिरला की वर कांडी फिरते आणि पाण्यात भोवरा होतो. ऐकायला फारच सोपं होतं.

पहिले चुंबक यांनी माझ्या फ्रिजच्या दारावरून काढले. त्यांच्यात जोर नव्हता. मग भावाने मोडक्या यंत्रातले खरे चुंबक आणले. त्यांच्यात इतका जोर होता की गोंद वाळायच्या आत ते एकमेकांना जाऊन मिळाले, मध्ये यांचं बोट असताना. हे ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "चुंबक उत्तम आहे."

दुसऱ्या वेळी एक चुंबक मधून थोडा बाजूला बसला. मी जपाला बसले होते. टेबलावर खोकं सुरू झालं, घरघरलं, थरथरलं आणि चालायला लागलं. टेबलाच्या कडेपर्यंत आलं, खाली उडी मारली आणि जमिनीवरून सरपटत थेट माझ्या पाटाशी येऊन थांबलं. मी हात जोडले. त्या क्षणी दुसरं काही सुचत नव्हतं.

"वायर पुरली नाही," हे तिकडून म्हणाले. "नाहीतर आणखी गेलं असतं."

पण चिकाटी म्हणाल तर यांच्याकडून शिकावी. हे पहाटे उठायचे, शीळ घालत कामाला लागायचे. स्वयंपाकघराकडे फिरकायचेसुद्धा नाहीत. मी कांदा हवा तितका बारीक चिरला. आणि एका सकाळी बरणीत, कोणाचा हात नाही, चमचा नाही, असा सुरेख भोवरा फिरायला लागला. हे त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले, नातवाला झोका देत बसावं तसे.

"आपल्या मोठ्या साहेबांना बोलावू," हे म्हणाले. "बिअर झाली की पहिला ग्लास त्यांचा."

मोठे साहेब म्हणजे यांचे जुने वरिष्ठ. यांच्या एकाही अहवालावर त्यांनी कधी 'ठीक' एवढंसुद्धा लिहिलं नव्हतं. यांचा सगळा जीव आता त्या एका ग्लासात होता, आणि म्हणून माझाही.

यीस्ट पुरेसं वाढल्यावर यांनी बरणी फ्रिजमध्ये ठेवली. "शांत बसू दे तिला," एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे जव आणायला बाहेर गेले आणि मी फ्रिज आवरायला काढला. बघते तर काय, बरणीत वर सोन्यासारखं निवळ पाणी आणि तळाला बोटभर गाळ! इतक्या कष्टाचा जिन्नस आणि त्यात हा चिखल. मला वाईट वाटलं. मी वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढलं, गाळ मोरीत ओतला, बरणी ब्रशने लख्ख घासली, पाणी परत भरलं. आरशासारखी दिसत होती.

तेवढ्यात भावाचा फोन आला. "ताई, भाऊजी कुठे आहेत? त्यांना एक आठवण दे. वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खालचा गाळ जपून ठेवायचा. तो गाळ म्हणजेच यीस्ट."

"बरं," मी म्हटलं आणि खाली बसले.

यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. बिअरवाला नाही, टाकीकडे बघणारा. मग एकदम आठवलं, की फळीवर पावाच्या यीस्टची पुडी आहे. यीस्ट ते यीस्ट! पुडी ओतली, साखर घातली (चहातली वाचत होतीच), कांडी सोडली, बरणी खोक्यावर ठेवली आणि पंख्याच्या वेगाची कळ पूर्ण फिरवली.

हे जवाची पिशवी घेऊन दारात आले तेव्हा फेस बरणीच्या तोंडातून निघून, टेबलाच्या पायावरून उतरून, चपलांपर्यंत पोहोचला होता. मी फडकं घेऊन उभी. खरं सांगायला तोंड उघडणार, तोच हे गुडघ्यावर बसले.

"अगं, हा जोर बघ!" हे फेसात बोट बुडवून म्हणाले. "माझ्या यंत्राचा जोर बघ!"

उघडलेलं तोंड मी मिटलं.

बिअर झाली. मोठे साहेब आले. भाऊ आला. हे इस्त्रीचा शर्ट घालून ग्लास घेऊन उभे राहिले. साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणखी एक घोट घेतला.

"पाव," साहेब म्हणाले.

"साहेब?"

"ताजा पाव. नुकता भाजलेला. चव बरोबर आहे. पण मी प्यायचा का तो?"

साहेब गेले. यांनी वायर गुंडाळली, खोकं उचललं आणि माळ्यावर टाकायला शिडी लावली. तिसऱ्या पायरीवर होते तेव्हा माझ्याच्याने राहवेना.

"अहो, यंत्राचा दोष नाही. गाळ मी ओतून दिला. त्यात पावाचं यीस्ट घातलं मी."

भाऊ सोफ्यावर बसल्या बसल्या लहान झाला. हे शिडीवरच थांबले.

"म्हणजे यंत्र बरोबर चाललं?"

"उत्तम चाललं."

"आणि साहेब म्हणाले ती चव पावाची होती?"

"हो."

"आणि ते म्हणाले, चव बरोबर आहे."

"म्हणाले खरं."

हे शिडीवरून खाली आले. खोकं टेबलावर ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि विचारलं, "पीठ कुठे असतं आपल्याकडे?"

तेव्हापासून हे पाव करतात. पाव उत्तम होतो, त्याबद्दल अवाक्षर नाही. (काढताही येत नाही.) साहेब दर आठवड्याला येऊन एक घेऊन जातात. हे पहाटेपासून ओट्याशी असतात, पीठ, परात, काटा, थर्मामीटर मांडून. सगळे डबे उंचीप्रमाणे लावले आहेत. मला भाजी फोडणीला टाकायची असली की आधी विचारावं लागतं. मी आपली उंबऱ्याशी उभी राहून बघते, पीठ फार सैल झालंय का, ओव्हन तापलाय का, आणि यांच्या जिवाला विरंगुळा मिळाला म्हणून समाधान मानते.

काल यांनी पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे वळून पाहिलं. फार मायेने पाहिलं.

"अगं, दिवसभर अशी माझ्या मागे उभी राहत जाऊ नकोस. तुला एखादा छंद हवा. ते खोकं आता मला लागत नाही," हे म्हणाले. "हवं तर बिअर तू कर."