ब्रिटिश पोरगा ओळखायचा कसा

ब्रिटिश टीनएजर म्हणजे काय चीज असते, हे उर्मिला दळवीला कुणी शिकवायची गरज नव्हती! विलायतेचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं, ही गोष्ट खरी. पण तिथल्या पोरांवरच्या मालिका तिनं अशा पालथ्या घातल्या होत्या, की लंडनच्या कुठल्याही बसस्टॉपवर तिला उभं केलं असतं, तरी कुणाच्या खिशात काय आहे ते तिनं लांबूनच सांगितलं असतं!

आणि हे ज्ञान तिनं हौसेनं नव्हतं मिळवलं. गल्फमध्ये, अल बर्शातल्या त्यांच्या बिल्डिंगपासून दोन सिग्नलवर एक ब्रिटिश शाळा होती आणि तिथं मोठ्या मुलांच्या विभागात कोऑर्डिनेटरची जागा निघाली होती. उर्मिला पुण्याची एम.ए., सायकॉलॉजी. देवांश झाल्यापासून ती डिग्री पासपोर्टांच्या फाइलमध्ये गाढ झोपली होती आणि बिल्डिंगमध्ये उर्मिलाला सगळे 'देवांश की मम्मा' म्हणून ओळखत होते. तिला तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारणारा आता फक्त कुरिअरवाला उरला होता. त्यामुळे ही नोकरी मिळवायचीच, असा तिनं पण केला होता.

"अगं, पण मालिका बघून कसली तयारी?" नवऱ्यानं, म्हणजे सतीशनं विचारलं.

"मग काय हवेतून येतात का मालिका? तिकडे घडतं तेच दाखवतात ना!"

"आपल्याकडच्या मालिकांत सुना झोपताना शालू नेसतात. तू नेसतेस?"

"तो विषय वेगळा!" उर्मिला म्हणाली, आणि खलास, तो विषय तिथंच मिटला. सतीशच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. विषय कधी मिटतो हे त्याला कळत होतं.

इंटरव्ह्यू ऑनलाइन होता, दुपारी. सतीश ऑफिसात. प्रश्न एवढाच, की तो तासभर देवांशला सांभाळणार कोण? साडेतीन वर्षांचा देवांश म्हणजे भरलेला प्रेशर कुकर. शिट्टी कधी होईल ते सांगता येत नाही! समोरच्या फ्लॅटमधली फिझा मदतीला धावली.

"अरे, सातवें माले पे एक ब्रिटिश लड़का है, सोलह साल का. बच्चे सँभालता है. भेज दूँ?"

'ब्रिटिश' शब्द ऐकताच उर्मिलाला एकदम सगळ्या मालिका आठवल्या. पण दुसरं कुणी मिळेना, म्हणून ती हो म्हणाली. पोराचं नावगाव विचारायचं तिला सुचलंही नाही. ब्रिटिश म्हटल्यावर पुढचं सगळं तिला माहीतच होतं!

मात्र खबरदारी म्हणून तिनं शारजाला आपल्या मोठ्या जावेला फोन लावला. सुचित्रावहिनींनी तो उचलला नाही, तेव्हा देवांशसाठी घरचं कुणी पाठवा, असा तिनं मेसेज टाकला. त्यांनी त्यांच्या पद्धतीनं उत्तर दिलं, म्हणजे व्हॉइस मेसेज पाठवला. सुचित्रावहिनींचा व्हॉइस मेसेज म्हणजे सत्यनारायणाची कथा, मधूनच उठलात तर पाप! पण उर्मिला घाईत होती. "अगं, शार्दूलला पाठवते, त्याला सुट्टीच आहे," एवढं कानावर पडताच तिनं मेसेज बंद केला. पुढे वहिनींनी 'शार्दूल आता तुला ओळखू येणार नाही हं' यावर केवढं तरी निरूपण केलं होतं. ते तसंच राहून गेलं.

वहिनींच्या या लेकाला, शार्दूलला, तिनं शेवटचं पाहिलं तेव्हा तो गोबऱ्या गालांचा दहा वर्षांचा गोळा होता. त्यानंतर दरवर्षी गणपतीला वहिनी यायच्या, मोदक न्यायच्या, आणि शार्दूलची मात्र ट्यूशन असायची.

दोन वाजता बेल वाजली. उर्मिलानं पीपहोलला डोळा लावला. अगदी पडद्यावरून उतरल्यासारखा! बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, आणि पोराच्या अंगात काळी हुडी. टोपी भुवयांपर्यंत, कानांवर पावभाजीच्या पावांएवढे हेडफोन, पँट कमरेशी भांडण करून खाली निघालेली.

"यू... बेबीसिटिंग?" उर्मिलानं दार अर्धंच उघडत विचारलं.

"यॅ," पोरगा पुटपुटला आणि आत घुसला. देवांशकडे बघून त्यानं मूठ पुढे केली. "सेफ, ब्रुव!"

ब्रुव, म्हणजे भावा! प्रत्येक मालिकेत, दर दोन मिनिटांनी येणारा शब्द! ओळख पटली. आता याच्या हवाली पोटचा गोळा करायचा? उर्मिला घामाघूम होतेय, तोवर परत बेल वाजली.

दारात दुसरा मुलगा. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, बूट आधीच काढून भिंतीशी नीट लावलेले. तो वाकून चक्क तिच्या पाया पडला! "नमस्ते आंटी, आय हॅव कम फॉर देवांश."

"ये रे माझ्या राजा!" उर्मिलाला भरून आलं. "केवढा मोठा झालास!"

आता कुठल्याही देशी घरातल्या मुलाला दारात पाऊल टाकल्यावर हे वाक्य ऐकावंच लागतं, त्यामुळे मुलगा नुसता हसला. "ॲक्च्युअली आंटी, आय ॲम..."

"माहितीये रे, आईनं सांगितलं सगळं! शार्दूल, इकडे ये आधी." तिनं त्याला स्वयंपाकघरात ओढलं. काकू न म्हणता आंटी म्हणाला, पण गल्फमधल्या पोरांना सगळं जग आंटीच असतं. उच्चार जरा विचित्र होते, ते शाळेत लागले असणार. "हे बघ, देवांशबरोबर त्या हुडीवाल्यावरसुद्धा लक्ष ठेव. ब्रिटिश आहे तो. ब्रिटिश! कळलं?"

मुलाचे कान लाल झाले. "इज दॅट... बॅड, आंटी?"

"बॅड? अरे, संधी मिळाली की खिडकीतून पळतात!"

"वुई आर ऑन द फोर्थ फ्लोअर, आंटी."

"तेच तर! त्यांना काही वाटत नाही त्याचं!"

अशी चोख व्यवस्था लावून उर्मिला बेडरूममध्ये गेली. लॅपटॉप उघडला, बिनवायरचा हेडफोन चढवला आणि शेजारी फोन उभा केला. फोनवर हॉलमधल्या कॅमेऱ्याचं चित्र, आवाज बंद. आई कितीही इंटरव्ह्यूला बसली, तरी तिचा एक डोळा पोराच्या नावावर असतो!

पडद्यावर मुख्याध्यापिका मॅडम, मूळच्या मँचेस्टरच्या, आणि शाळेचे एचआर याकूब सर. सुरुवात झकास झाली. मग मॅडमनी विचारलं, "आमच्या मोठ्या मुलांबद्दल तुमची समज काय आहे, मिसेस दळवी?"

याच प्रश्नाची ती वाट बघत होती! उर्मिला सुटली.

"मॅडम, ब्रिटिश टीनएजरच्या दोन जाती. एक हुडीवाली, एक ब्लेझरवाली. हुडीवाल्याच्या घरी फ्रिज रिकामा असतो आणि आई नाइट ड्यूटीला. ब्लेझरवाल्याच्या घरी जिना मोठा असतो आणि आईला वेळ नसतो. पहिला पुलाखाली मारामारी करतो, दुसरा पावसात एकटा रडतो. अभ्यास कुणीच करत नाही. गृहपाठ करणारं एक पोर मला आजवर दिसलेलं नाही!"

मॅडमच्या भुवया हळूहळू वर चालल्या होत्या. "माझ्या घरी दोन आहेत या वयाचे," त्या म्हणाल्या.

"मग तर तुम्हाला अनुभवच आहे!"

"धाकटा ट्रॉम्बोन वाजवतो. रविवारी मला ऑम्लेट करून देतो."

"ते वरवरचं असतं मॅडम," उर्मिलानं त्यांना धीर दिला. "खिडकीला ग्रिल आहे ना?"

याकूब सरांनी घाईघाईनं आपला कॅमेरा बंद केला. उर्मिला आता पुढचा मुद्दा घेणार, तेवढ्यात तिची नजर फोनवर गेली.

हॉलमधल्या टीपॉयवर काचेची थाळी. थाळीत पांढरी पावडर. आणि तो हुडीवाला मेट्रोच्या कार्डानं त्या पावडरीच्या रेघा पाडत होता! एक रेघ, दुसरी रेघ, तिसरी रेघ. मालिकेत असतो तसाच शॉट, कॅमेऱ्याचा अँगलसुद्धा तोच! देवांश जीभ बाहेर काढून वाकला होता. आणि भरवशाचा शार्दूल? तो शेजारी मांडी घालून आपल्या रेघेची वाट बघत होता!

या देशात! उर्मिलाच्या डोळ्यांपुढून एका क्षणात पोलीस, कोर्ट, रद्द झालेला व्हिसा आणि विमानतळावर ट्रॉली ढकलणारा सतीश असं सगळं सरकून गेलं. ती उठली ती थेट हॉलमध्येच उतरली.

"हँड्स अप!" हे तिला कुठून सुचलं देव जाणे. "सोड! सोड ते! देवांश, थुंक! एका फोनवर पोलीस येतील, समजलास काय!"

तिनं थाळी हिसकावली. थाळी सुटली, वर गेली, आणि एसीच्या झोतानं पुढचं काम केलं. काश्मीरात पडला नसेल असा बर्फ अल बर्शात पडला! सोफा, टीव्ही, तीन मुलं आणि उर्मिला, सगळं पांढरंशुभ्र. देवांश टाळ्या पिटत होता. थोडी पावडर उर्मिलाच्या ओठांवर बसली आणि तिनं घाबरत जीभ फिरवली.

गोड लागली! ओळखीचीच चव.

"दूध पावडर आहे, काकू!" हुडीवाला भिंतीला टेकून हात वर करून ओरडला. "दूध पावडर आणि साखर! लहानपणी तुम्हीच द्यायचात ना मला! देवांश सारखे वाटे मागत होता, कमी-जास्त झालं की बोंबलतो, म्हणून कार्डानं केले!"

"काकू कुणाला म्हणतोस?"

"तुम्हाला! मी शार्दूल!"

"खोटं बोलू नकोस! शार्दूल हा आहे!"

"नो, आंटी," इस्त्रीवाला नाकावरची पावडर पुसत नम्रपणे म्हणाला. "आय ॲम नीरव. सेव्हन्थ फ्लोअर. वुई आर गुजराती, फ्रॉम लेस्टर. आय थॉट, शार्दूल मीन्स बेटा इन मराठी."

"म्हणजे... ब्रिटिश तू?"

"बॉर्न अँड ब्रॉट अप, आंटी. सॉरी."

उर्मिला मटकन सोफ्यावर बसली. पांढरा ढग उडाला. "आणि शार्दूल, मेल्या, तू दारात मराठीत बोलायला काय झालं होतं?"

"तुम्हीच इंग्लिश सुरू केलंत! मला वाटलं, इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस चाललीये!"

"आणि ते ब्रुव? ती पँट? हे कुठे शिकलास रे शारजात?"

शार्दूलनं मान खाली घातली आणि मालिकेचं नाव सांगितलं. उर्मिलानं ती दोनदा पाहिली होती.

तेवढ्यात तिच्या कानात एक बाई बोलली. "मिसेस दळवी? इज एव्हरीबडी ऑलराइट?"

हेडफोन! तो कानांवरच होता! हँड्स अपपासून मेल्यापर्यंतचं सगळं महाभारत मॅडमनी ऐकलं होतं.

उर्मिला लॅपटॉपपुढे परतली, ती केसांपासून कोपरांपर्यंत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. हॉलमधल्या एका हुडीवाल्यामुळे धावले, एवढं तिनं इंग्रजीत कसंबसं सांगितलं.

"तर तो हुडीवाला मुलगा..." मॅडमनी गंभीरपणे विचारलं.

"आमचाच आहे. पुतण्या."

"आणि ब्रिटिश मुलगा?"

उर्मिलानं फोनकडे पाहिलं. "तो व्हॅक्यूम क्लीनर शोधतोय."

याकूब सरांचा कॅमेरा बंद होता, पण मायक्रोफोन चालू राहिला होता. त्यातून कुणीतरी उशीत तोंड खुपसल्यासारखा आवाज येत होता.

संध्याकाळी सुचित्रावहिनी शार्दूलला न्यायला आल्या. उर्मिलानं जीव मुठीत धरून त्यांना सगळं सांगितलं. आता जन्माचा अबोला धरणार, हे नक्की!

"काय सांगतेस!" वहिनींचा चेहरा उजळला. "अगदी ब्रिटिश वाटला तुला? तुला, एवढी शिकलेली असून? थांब, महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकते!"

सतीश हातात ओलं फडकं घेऊन टीव्ही पुसत होता. त्याच्या खांद्यांचं हलणं पुसण्याच्या मानानं जास्त होतं, हे उर्मिलाला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतून खुद्द मॅडमचा फोन आला.

"मिसेस दळवी, मोठ्या मुलांच्या विभागासाठी आम्ही तुमचा विचार करू शकत नाही. कारण तुम्ही समजू शकाल."

"हो, मॅडम."

"पण मुलासाठी इतक्या वेगानं धावलेली बाई मी आजवर ऐकलेली नाही. आमच्या केजीत एक जागा आहे. त्याआधी एक सांगा, चार-पाच वर्षांच्या ब्रिटिश मुलांवरची एखादी मालिका पाहिलीये तुम्ही?"

"छे हो! एकही नाही!"

"वंडरफुल," मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मग सोमवारपासून या. आणि उर्मिला, कृपा करून तोवर काहीही पाहू नका!"

उर्मिला! तिनं फोन छातीशी धरला आणि देवांशला कडेवर घेऊन एक गिरकी मारली. आता, देवांशबरोबर रोज सकाळी ती नाश्त्याला विलायती कार्टून बघते, हे खरं. पण त्याला काय बघणं म्हणतात का? त्यातली पोरं तर अगदी खरी वाटतात!