कधीच नापास न होणारी चाचणी

रविवारी दुपारी करुणा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून अमेयची चाचणी तपासत होती. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आपल्या कामातला प्रत्येक बदल जपून ठेवता यावा, चुकलं तर मागे जाता यावं, म्हणून जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून एक फुकटचं साधन बनवलं होतं. ते नीट चालतं की नाही, हे आपोआप बघणाऱ्या चाचण्याही लोकच लिहून पाठवत. त्या चाचण्या आणि साधनातले बदल पारखून घेणाऱ्यांत करुणा होती.

अमेय नवखा. पुसलेली फाइल साधन परत आणतं का, हे बघणारी चाचणी त्याने पाठवली होती. करुणाने त्याला फोन लावला.

“अमेय, तुझी चाचणी पास होते रे. पण साधनातला फाइल परत आणणारा भागच मी काढून टाकला, तरी पासच होते.”

“मग चांगलंच ना, ताई?”

“चांगलं कसलं? साधन मुद्दाम बिघडवून बघ. चाचणी ओरडली तर खरी. नाही ओरडली तर ती असून नसल्यासारखीच.”

कोचावर पेपर वाचत बसलेल्या तिच्या सासऱ्यांना, साहेबरावांना, हे एकदम पटलं. पेपराची घडी करून ते उठले, न्हाणीतली बादली घेतली आणि खाली गेले.

बीड बायपासपलीकडच्या त्यांच्या नव्या कॉलनीत नळाची लाईन अजून पोहोचली नव्हती. त्यात दुष्काळाचं साल. टँकर येई तो खालच्या सामाईक टाकीत रिता होई. मधे टाकीतलं पाणी चोरीला जाऊ लागलं, तेव्हा साहेबरावांनीच खटपट करून सांडू नावाचा वॉचमन ठेवायला लावला होता.

थोड्या वेळाने खालून गलका ऐकू आला म्हणून करुणा धावत गेली. टाकीचं झाकण उघडं होतं. शेजारी भरलेल्या बादल्या, एक भरलेलं पिंप आणि मधोमध साहेबराव. पहिल्या मजल्यावरच्या मनकर्णाबाईंनी हाका मारून सगळ्यांना गोळा केलं होतं.

“दिवसाढवळ्या पाणी उपसू लागले तुमचे सासरे,” त्या म्हणाल्या.

“चोरी नाय केली. चाचणी घेतली,” साहेबराव शांतपणे म्हणाले. “करुणाच म्हणली, मुद्दाम बिघडवून बघायचं.”

सगळ्या नजरा करुणाकडे वळल्या. तिने साधन, चाचणी, अमेय, सगळं समजावून सांगितलं. फाइल पुसली, इथपर्यंत लोकांना कळलं. ती परत कशाला आणायची, हे काही कोणाला कळलं नाही.

“ते राहू द्या,” कॉलनीचे अध्यक्ष काकासाहेब म्हणाले. “सांडू वरडला का, तेवढं सांगा.”

“नाय ना. पहिली बादली काढली तर ह्यो पळत आला अन् उचलू लागला. म्हटलं, बारकी बादली म्हणून बोलला नसंल. मोठी आणली, तीबी उचलली. मग पिंप आण म्हटलं, तर घेऊन आला.”

सांडूने मान खाली घातली. “साहेबांनीच मला कामाला लावलं. त्यांना कसं अडवू? दुसरं कोणी असतं तर लई वरडलो असतो.”

पाणी परत टाकीत ओतायला मनकर्णाबाईंनी मनाई केली. न्हाणीतली बादली प्यायच्या पाण्यात नको. मग ते वाटून घ्यायचं ठरलं, तशी चोरीवर चिडलेली मंडळी घराघरातून भांडी घेऊन आली. सगळ्यात मोठं पातेलं मनकर्णाबाईंचं होतं. यापुढे साहेबराव दिसले की आधी ओरडायचं, असं काकासाहेबांनी सांडूला बजावलं.

वर येते तोच अमेयचा फोन.

“ताई, चाचणी पुन्हा नीट लिहिली. आता ओरडते.”

“शाबास. साधन बिघडवल्यावर ना?”

“नाही, ताई. काहीच न बिघडवता ओरडते. नावात मोकळी जागा असलेली फाइल परतच येत नाही. मागच्या महिन्यात साधनात एक बदल घेतलाय ना, तेव्हापासून. तो तपासून पास केलाय... तुम्हीच.”

करुणाने उघडून पाहिलं. तारखेसकट तिचंच नाव होतं.

“काय म्हणतो पोरगा? बिघडवलं का त्यानं?” साहेबरावांनी विचारलं.

“त्याने नाही, बाबा. मीच बिघडवून ठेवलंय.”

साहेबरावांनी खिडकीतून खाली पाहिलं. मनकर्णाबाई अजून चारचौघींना हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. साहेबरावांनी अलगद खिडकी लावून घेतली.

“हळू बोल,” ते म्हणाले.