भोईर सरांची खरी हजेरी

आमच्या भोईर सरांना चहाला बोलावलं, की ते आधी विचारतात, "कशासाठी?"

चेष्टा नाही. खरंच उत्तराची वाट बघत उभे राहतात. तुम्ही "सहज" म्हणालात, तर पुढचा प्रश्न तयार. "सहज म्हणजे कंटाळा आलाय म्हणून, की माझ्याशी बोलायचंय म्हणून?" तोवर चहा गार. मी भिवंडीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेचे फॉर्म घेणारा क्लार्क आणि सर तत्त्वज्ञान शिकवणारे. वीस वर्षांत आमचे जेमतेम चार चहा झाले असतील, तेही गारच.

सर मूळचे भिवंडीलगतच्या कोन गावचे. गावची शेतं जाऊन गोदामं आली, भाऊबंद मोठाल्या गाड्यांतून फिरायला लागले, सर मात्र अजून शेअर रिक्षातच अंग चोरून बसतात. बायको गेल्यापासून घरात एकटेच. वर्गात त्यांचं बोलणं अगदी पुस्तकी, पण डोकं तापलं की गावची भाषा उसळून वर येते.

अ‍ॅडमिशनच्या दिवसांत त्यांना ऑफिसच्या खिडकीजवळ फिरकू द्यायचं नाही, असा प्राचार्यांचा तोंडी हुकूम आहे. एकदा फिरकलेच. एक पॉवरलूमवाले गृहस्थ मुलीला घेऊन उभे होते. सरांनी विचारलं, "हिला शिकवायचं कशासाठी?"

"लग्नासाठी," गृहस्थ म्हणाले. "ग्रॅज्युएट मुलगी मागतात हल्ली."

मी मान खाली घातली. सरांनी त्यांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "सकाळपासून खरं बोलणारे तुम्ही पहिले! बाकी सगळे 'ज्ञानासाठी' म्हणत होते." मग मुलीकडे वळले. "आणि तुला?"

"घराबाहेर पडायला मिळेल म्हणून," ती हळूच म्हणाली. सर दिवसभर खुशीत होते.

पुढे तपासणी समिती यायची होती. सरांनी समितीलाच काही विचारू नये म्हणून प्राचार्यांनी त्यांना कॉलेजची पत्रकं वाटायला अंबाडी नाक्यावर पाठवलं. संध्याकाळी सर निम्मा गठ्ठा परत घेऊन हजर. "यात 'हमखास नोकरी' लिहिलंय. लोक विचारायला लागले, किती पोरं लागली? मी खरं ते सांगितलं. मग कोणी घेईना."

आता मुद्द्याचं. परीक्षेच्या फॉर्मआधी आमच्याकडे हजेरी 'भरतात'. आमची निम्मी पोरं कुठे ना कुठे कामाला असतात, वर्गात येणार कधी? मग सगळे प्राध्यापक स्टाफरूममध्ये बसतात, चहा मागवतात आणि मस्टरात भराभर 'पी' काढत जातात. एका बैठकीत काढलेले दिसू नयेत म्हणून दोन-तीन रंगांची पेनं ठेवतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही नाही. भोईर सरांचं मस्टर तेवढं कोरं असतं.

इतकी वर्षं ते खपून गेलं, कारण तत्त्वज्ञानाला फारशी पोरंच नसायची. यंदा शेवटच्या वर्षाला एक होती, सारिका जाधव. सत्तावीस-अठ्ठावीसची, लग्न झालेली, कोनच्या एका गोदामात पॅकिंगला. पहिल्या दिवशी सरांनी तिला नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "सर, आमचा सुपरवायझर सगळ्यांदेखत 'ए' करून हाक मारतो. मला त्याच्याशी नीट भांडायचंय. शब्द कमी पडतात."

सरांनी हे उत्तर मला किमान दहा वेळा ऐकवलं.

दिवाळीनंतर तिची शिफ्ट बदलली, सकाळी सात ते तीन. कॉलेज सकाळचंच. बाकी विषयांची हजेरी रीतीप्रमाणे भरली गेली, तत्त्वज्ञानाची भरेना. महिन्याभरात हजेरी पुरी झाली नाही, तर फॉर्म नाही आणि वर्ष फुकट. सारिका खिडकीशी येऊन म्हणाली, "यंदा राहिलं तर घरचे पुन्हा नाही पाठवणार, भाऊ." रडली वगैरे नाही. मलाच कसंतरी झालं.

मी तडक सरांकडे गेलो. "सर, चार 'पी' काढा."

"कशासाठी?"

माझं डोकं फिरलं. "तिच्या वर्षासाठी! पोरगी तिकडे खोकी बांधतेय आणि तुम्ही इथे तत्त्व कुरवाळत बसलाय!"

सरांचा चेहरा लाल झाला. "खोटं न्हाय लिवनार मी," म्हणाले. "ती न्हाय समोर, तर हाय कसं लिवू?"

मीही मग त्यांच्याशी बोलणं टाकलं.

दोन आठवड्यांनी मस्टर तपासायला आलं. पाहतो तर तत्त्वज्ञानाच्या पानावर रोजचा 'पी', सगळे एकाच पेनाचे! म्हटलं, सुटलो. सर वळले शेवटी! पण गंमत बघा, घरी गेलो तरी तेच डोक्यात. हा एक माणूस तरी तसाच राहायला हवा होता, असं वाटत राहिलं. सकाळी ऑफिसात मस्टर पुन्हा पाहिलं, तर वेळेच्या रकान्यात 'दुपारी साडेतीन, कोन'.

त्याच दुपारी रिक्षाने कोन गाठलं. गोदामामागच्या टपरीच्या पत्र्याखाली सर मस्टर मांडीवर घेऊन बसले होते. समोर सारिका आणि तिच्याबरोबरच्या चार बायका. त्यांचं कॉलेजशी काही देणंघेणं नव्हतं, तरी सर त्यांचीही हजेरी वेगळ्या कागदावर घेत होते.

शबनम नावाची एक बाई विचारत होती, "सरजी, झूठ बोलके किसीका भला होता हो, तो बोलने में हर्ज क्या है?"

सरांनी मस्टर मिटलं. मग म्हणाले, "मालूम नहीं. पंधरा दिवस तेच सोचतोय. नींद नहीं आती."

परतताना रिक्षात मी माफी मागितली. सर बाहेर बघत म्हणाले, "मी काही मोठा तत्त्वाचा माणूस नाही हो. खोटी हजेरी लावली की पोरं येत नाहीत. ती पास होतात. वर्गात मी एकटा उरतो. घरीही एकटाच असतो."



दुसऱ्या दिवशी, टपरीवरचे तास हजेरीत धरता येतात का ते बघायला, मी ऑफिसात नियमांची वही काढली. तास शिक्षकाने घ्यावा आणि प्राचार्यांची सही असावी, एवढंच लिहिलेलं. कुठल्या खोलीत, ते नाही. सर दुपारी कॉलेजबाहेर राहणार म्हटल्यावर प्राचार्यांनी सही आनंदाने केली. हजेरी पुरी झाली, सारिकाचा फॉर्म गेला. शिक्का मारताना मला इतकं हलकं वाटलं, की तो मी दोनदा मारला.

सर तिथेच उभे होते. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "झालं सर! आता कोनला गेला नाहीत तरी चालेल."

"चालेल?" सर म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उतरला. काय बोलून बसलो ते माझ्या लक्षात आलं, पण उशिरा.

सारिका पावती पर्समध्ये ठेवत होती. मान वर न करता म्हणाली, "चालेल कसं? उद्या माझी सासू येतेय बसायला. सांगून ठेवलंय मी तिला."

सरांनी रुमाल काढून चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"त्यांना खाली बसवेल का?" म्हणाले. "खुर्ची लागेल. टपरीवाल्याला आजच सांगतो." आणि चष्मा हातातच धरून तरातरा रिक्षा स्टँडकडे निघाले.