सदुसष्ट किलोंची व्यक्ती

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुमच्या न्हाणीघरात एक टब आहे. त्याचा काठ तुमच्या गुडघ्याच्याही वर येतो आणि तुम्ही तो रोज टुणकन ओलांडता. आता कल्पना करा, तुम्ही बहात्तर वर्षांचे आहात, खुब्याचं हाड नुकतंच सांधलंय आणि डॉक्टरांनी बजावलंय की पाय एवढा वर उचलायचा नाही. झालं, तो टब राहिला नाही. किल्ला झाला.

बिट्टीच्या आजीचं नेमकं हेच झालं होतं. तीन आठवडे ती ओल्या फडक्याने अंग पुसून घेत होती. "या घरात भांडी तरी रोज घासतात," ती सुनेला म्हणायची, "मला नुसतं पुसून ठेवता." शेवटी घरात एकमताने ठरलं: टब काढायचा आणि जमिनीलगत बसणारा पसरट शॉवर ट्रे आणायचा, म्हणजे आजी नुसती चालत आत जाईल. उत्साहाच्या भरात बाबांनी टब त्याच दिवशी फोडून घेतला आणि मग सगळे ट्रे बघायला निघाले.

दुकान प्रशस्त होतं. तिथल्या विक्रेत्याने एकट्या पांढऱ्या रंगाच्या अकरा छटा दाखवल्या. आई आणि बाबा दोन तास त्या छटांवर भांडले. पाय घसरणार का, डाग पडणार का, वीस वर्षांनी पिवळा पडणार का, सगळ्याची उत्तरं विक्रेत्याला तोंडपाठ होती. बिट्टी तिसरीत होती आणि शाळेत वजनमापाचा धडा चालू होता. तिने विचारलं, "काका, याचं वजन किती?"

"बाळ, हा रेझिनचा आहे," विक्रेता म्हणाला. "दगडाची पूड रेझिनमध्ये घोटून ओततात. अगदी दगडासारखा मजबूत."

"मग दगडासारखा जडही असेल ना?"

विक्रेत्याने तिला एक फुगा दिला.

बाबांनी तिला समजावलं की ट्रेवर आपण उभं राहायचं असतं, ट्रेने आपल्यावर नाही. मग त्यांनी दुकानातला सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत जाड ट्रे निवडला, कारण घ्यायचं तर दणकट घ्यावं. बत्तीस पानी माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: 'वजन आकार व जाडीनुसार बदलते. ग्राहकाने खरेदीपूर्वी खात्री करून घ्यावी.' खाली, खात्री करून घेतल्याबद्दल सहीची जागा होती. बाबांनी झोकात सही केली.

ट्रे घरपोच आला. म्हणजे इमारतीच्या दारात आला. घर चौथ्या मजल्यावर होतं. हमाल दोघे होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की पन्नास किलोंच्या वर दोघांनी उचलायचं नाही, चौघे लागतात, तसा कंपनीचा नियम आहे, आणि ट्रे पन्नासच्या आत असल्याचं लेखी दाखवलं तर ते आत्ता वर नेतील. बाबांनी बत्तीस पानं उलटसुलट चाळली. हमालांनी ट्रे जिन्यासमोर आडवा ठेवला आणि गाडी वळवली.

मग बाबा लिफ्टसाठी इमारतीच्या सचिवांकडे गेले. लिफ्टमध्ये पाटी होती: 'चार व्यक्ती'. किलोंचा उल्लेख कुठेच नव्हता. सचिव नियमाला धरून चालणारे होते. त्यांनी एक अर्ज पुढे केला आणि ट्रे किती व्यक्तींचा आहे ते भरायला सांगितलं. बाबांनी अंदाजाने 'एक' लिहिलं.

"ही व्यक्ती उभी राहू शकते का?" सचिवांनी विचारलं.

"तिरकी राहील."

"तिरक्या व्यक्तीची तरतूद नाही," सचिव म्हणाले आणि खेदपूर्वक अर्ज परत केला.

बिट्टीला मात्र यात अडचण दिसेना. दुसऱ्या दिवशी तिने घरातला वजनकाटा खाली आणला. आईबाबांना ट्रेचं एक टोक उचलायला लावून त्याखाली काटा सरकवला, दुसऱ्या टोकाखाली तेवढ्याच उंचीची पुस्तकं. काट्याने तेहतीस दाखवले. मग टोकं बदलली. चौतीस. तेहतीस आणि चौतीस सदुसष्ट. मुलांनो, अवघड वस्तू अशी अर्धी अर्धी तोलता येते, लक्षात ठेवा. मोठ्यांना हे सांगायला जाऊ नका.

कारण सचिवांनी काटा उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "हा माणसांचा काटा आहे. यावर वस्तूचं वजन ग्राह्य धरता येणार नाही."

"पण काल तुम्हीच त्याला व्यक्ती म्हणालात," बिट्टी म्हणाली.

"लिफ्टपुरती व्यक्ती. काट्यापुरती वस्तू. मोठी झालीस की कळेल."

पुढे पाच जणांची समिती नेमली गेली. चार व्यक्तींच्या लिफ्टमधून पाचही सभासद एकत्र खाली आले, कारण ते सभासद या नात्याने आले होते. त्यांनी ट्रेभोवती दोन फेऱ्या मारल्या, एकाने बुटाने ठोकून पाहिलं, आणि जिन्याजवळच्या भिंतीवर अहवाल लागला: 'ट्रे प्रथमदर्शनी जड वाटतो. वजन निश्चित होईपर्यंत कोणीही हलवू नये.'

शेजारी भले होते. रोज ट्रे ओलांडताना प्रत्येकजण बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा: वजनाचं एकदा कळू दे, मग मी आहेच, एक हात माझा. असे बावीस हात जमले होते. हळूहळू ट्रेमध्ये छत्र्या वाळू लागल्या. कुणीतरी फुलझाडाची कुंडी ठेवली. आता वर टबही नव्हता आणि ट्रेही नव्हता, आणि आजीचं पुसणं सातव्या आठवड्यात गेलं होतं. तिच्या पाठीवर पुरळ उठलं. ती आता विनोद करीत नसे. फक्त एकदा बिट्टीला म्हणाली, "बाळे, मला एकदा डोक्यावरून पाणी घ्यायचंय गं. बस."

रविवारी सकाळी बिट्टीने कुंडी आणि छत्र्या बाजूला केल्या. ट्रेमध्ये प्लास्टिकची खुर्ची ठेवली. टपालपेट्यांपासून जिन्याच्या कठड्यापर्यंत दोन चादरी बांधल्या. आईने चौथ्या मजल्यावरून गरम पाण्याच्या बादल्या आणल्या. आजी लिफ्टने खाली आली. ती उभी राहू शकत होती, त्यामुळे अर्ज लागला नाही. चादरींच्या आड पहिला तांब्या डोक्यावर पडला आणि आजीने जो सुस्कारा सोडला, तो दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला.

लोक जमले. बाराजण होते. सगळे सभ्य होते, म्हणून त्यांनी चादरींकडे पाठ केली आणि अहवाल पुन्हा एकदा वाचायला घेतला. ट्रेच्या भोकाखाली नळी नव्हती. पाणी सचिवांच्या पायांखालून, फायलींच्या खोलीकडे निघालं. सचिव म्हणाले की याचीही नोंद घ्यावी लागेल.

आता जरा हिशेब करा. सदुसष्टला चारने भागलं तर पावणेसतरा. एवढ्या वजनाचं धाकटं भावंड कडेवर घेऊन तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येता. जिना रुंद होता. चौघांना दहा मिनिटं पुरली असती. बाराजणांनाही भागाकार येत होता.

आजीला कोरडे कपडे घालून झाल्यावर बिट्टी चादर बाजूला सारून बाहेर आली. हातातून पाणी निथळत होतं. तिने कुणाला विनंती केली नाही की ती कुणावर चिडली नाही. ओलं बोट पुढे करून तिने पाठमोऱ्या माणसांतून माणसं मोजायला सुरुवात केली. एक म्हणजे बाबा. दोन म्हणजे दारातला उंच शेजारी, तो दचकून वळला. तीन म्हणजे सचिव.

मग तिने मान वळवली, आणि इतका वेळ मजेत हसत हे वाचत बसलेल्या तुमच्याकडे पाहिलं.