पोपटांचा दिवाण

तुम्हाला म्हणून सांगतो, सुतारकाम अवघड नाही. सुतारांनी ते उगाच अवघड करून ठेवलंय. हे वाक्य मी शेंद्रा एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये महिनाभर रोज बोललो. तिथं मी तयार पार्ट तपासतो, म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या वस्तूत खोट काढतो. त्यामुळं आत्मविश्वास दांडगा.

सोयगावहून सासू-सासरे येणार होते. सासऱ्यांना, म्हणजे कारभारीमामांना, डॉक्टरनं कंबरेसाठी कडक फळीवर झोपायला सांगितलं होतं. मी घरातला लोखंडी पलंग भंगारात दिला आणि सागवानी दिवाण करायला घेतला. खिळा नाही, स्क्रू नाही, सगळा सुटा होणारा. लांब बाजूचं टोक आखूड बाजूच्या खाचेतून बाहेर काढायचं आणि त्या टोकातल्या भोकात लाकडी पाचर ठोकायची. चार कोपरे, चार पाचरी. पाचरी काढल्या की दिवाण सुटा.

इथं थांबलो असतो तर भागलं असतं. पण पाचरी ओबडधोबड दिसत होत्या, म्हणून मी त्यांचे पोपट कोरले. चोच, डोळे, पंख, आणि निमुळती शेपटी भोकात जाणारी. तीन रविवार गेले, पण पोपट असे झाले की पेरू दाखवला तर खातील.

पाहुणे यायच्या दिवशी दुपारी घरी आलो, तर एक पोपट गायब.

"गजालाभाभींनी नेला," बायको म्हणाली. "शोकेसमध्ये ठेवते म्हणाल्या. चार होते, म्हटलं न्या."

"प्रेरणा, तो पोपट नाही. पाचर आहे."

"मग पोपटासारखी कशाला केली?"

मी शेजारी गेलो. मला बघताच भाभी म्हणाल्या, "सुदर्शनभाई, क्या तोता बनाए तुम! घर के सब लोगां उसकूच देखते बैठे."

"ठेवा, ठेवा. अजून लागला तर सांगा," असं म्हणून मी परत आलो. कुणी कौतुक केलं की माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही.

घरात लाकडाचा तुकडा उरला नव्हता. फ्रीजमध्ये गाजर होतं. वर जाड, खाली निमुळतं, तासायचीही गरज नाही. ठोकलं. घट्ट बसलं.

पाचच्या सुमारास पाहुणे आले. सासूबाई, गोजरबाई त्यांचं नाव, दिवाणाभोवती एक चक्कर मारून आल्या. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्या कुठल्याही गोष्टीला त्यांनी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यांनी गाजराशेजारच्या कोपऱ्यातला पोपट हलवून हलवून उपसला.

"लई गोड हाय. तुळशीपाशी ठेवीन. नेऊ का, जावईबापू?"

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार? "न्या की," मी म्हणालो.

"आन् हितं गाजर कशापायी?"

"ओलाव्यासाठी. लाकूड तडकत नाही." प्रेरणा माझ्याकडं बघतच राहिली.

तेवढ्यात मामा हातपाय धुऊन आले आणि थेट दिवाणावर बसले. मामा म्हणजे भरलेलं ज्वारीचं पोतं. प्रेरणानं त्यांच्या हातात चहा दिला. मी झटकन रिकाम्या कोपऱ्याशी खाली बसलो आणि गुडघ्यानं सांधा दाबून धरला.

"जावईबापू, खाली का बसले?"

"मला इथंच बरं वाटतं."

"असं कसं? घरचे धनी खाली आन् आम्ही वर? या इकडं."

"नको मामा, खरंच."

"लाजायला काय झालं?" म्हणत मामांनी माझं मनगट धरलं. बैल आवरलेला हात तो. एका हिसक्यात मी त्यांच्या शेजारी.

दोन सेकंद काही झालं नाही. मग गाजर कच्चकन मोडलं. डोक्याकडची बाजू सावकाश बाहेर कलली. उरलेले दोन पोपट उडाले, एक कपाटाखाली गेला, दुसरा खुर्चीवरच्या सासूबाईंच्या मांडीत बसला. आणि आम्ही दोघं फळ्यांसकट खाली आलो. पडलो म्हणता येणार नाही, उतरलो. मामांच्या कपातला चहासुद्धा सांडला नाही.

मामांनी चारी बाजूंना पसरलेलं लाकूड बघितलं, चहा संपवला आणि हळूच फळीवर आडवे झाले.

"कडक हाय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणला तशीच. आन् हा खाली बी येतो व्हय?"

खरं सांगायची हीच वेळ होती.

"व्हय मामा," मी म्हणालो. "मुद्दाम तशी सोय केलीय. वयस्कर माणसाला चढ-उतर नको."

"लई डोकं लावलं," मामा म्हणाले. सासूबाईंनीही मान डोलावली. प्रेरणा तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. माझी छाती मात्र इंचभर फुगली.

मामांनी दोन्ही हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटले.

"हितं पंख्याचं वारं येईना," ते म्हणाले. "आता वर घ्या."